हातोडीला आडोसा

मेलबर्नच्या आमच्या क्रेगीबर्न उपनगरात कुणाकडे पहिल्यांदा जेवायला गेलं की पाण्याच्या ग्लासाबरोबरच प्रश्न येतो, "ताई, तुम्ही कुठे असता कामाला?" कुणी आयटीत असतं, कुणी एज्ड केअरमध्ये, कुणी ट्रेन चालवतं. माझी पाळी आली की मी सांगते, "तेलाची रिकामी टिपाडं विकते." मग घरची बाई एकदा माझ्याकडे बघते, एकदा माझ्या नवऱ्याकडे बघते आणि न विचारता माझ्या ताटात आणखी एक पोळी वाढते. अशा बऱ्याच पोळ्या मी आजवर गुपचूप खाल्ल्या आहेत. आता या अंकाच्या संपादकांनी जागा दिलीच आहे, तर खुलासा करून टाकते.

हैती हा कॅरिबियन समुद्रातला देश. त्याच्या राजधानीबाहेर एक गाव आहे, तिथे घरटी एक हातोडी. तेलाची लोखंडी टिपाडं रिकामी झाली की हे लोक ती विकत घेतात. वरचं आणि खालचं झाकण छाटायचं, आत केळीची वाळलेली पानं कोंबायची आणि पेटवून द्यायची, म्हणजे तेल आणि रंग जळून जातो. मग उभी चीर देऊन टिपाड उलगडायचं आणि त्याच्यावर चक्क नाचायचं. दोघंतिघं चढून पायाने दाबतात, उरलेला बाक हातोडीने काढतात. सपाट झालेल्या पत्र्यावर खडूने चित्र काढायचं आणि त्या रेघेवरून छिन्नी चालवत न्यायची. शेवटी पत्रा उलटा करून मागून ठोकायचा, की पुढून पानांना शिरा येतात आणि पक्ष्यांना पोटं. वीज लागत नाही, यंत्र लागत नाही. झाडं, सूर्य, सरडे, जलपऱ्या, काय हवं ते त्या टिपाडातून निघतं.

हा माल ऑस्ट्रेलियात आणणारी एक छोटी कंपनी कॅम्पबेलफील्डच्या एका गोडाउनमध्ये आहे. मालकीण मार्गारेट, सत्तरीची, निवृत्त शिक्षिका. एकदा सहलीला म्हणून हैतीला गेली आणि येताना तीन सरडे आणि एक धंदा घेऊन आली. नागपूरहून अकाउंटिंग शिकायला आलेली मी तिच्याकडे हिशेबाला लागले आणि वर्षभरात हिशेब सोडून मालात शिरले. काय खपेल ते ठरवायचं, ऑर्डर द्यायची, माल आला की प्रत्येक तुकड्याच्या कडेवरून बोट फिरवायचं. गिऱ्हाइकाचं बोट कापायच्या आत आपलं कापलेलं बरं, हे आमच्या धंद्यातलं पहिलं कलम. माझ्या उजव्या तर्जनीला कायम पट्टी असते.

गिऱ्हाइकं एकेक नग असतात. एका बाईंनी जलपरी परत आणली, कारण सासूबाई राहायला येणार होत्या आणि जलपरीच्या अंगात ब्लाउज नव्हता. मी त्यांना पेलिकन पक्षी बदलून दिला. महिन्याभराने एक म्हाताऱ्या बाई काठी टेकत आल्या. म्हणाल्या, "सुनेने परत केलेली ती जलपरी अजून आहे का?" दुसरे एक गृहस्थ मोर घेऊन आले आणि म्हणाले की हा मोर चुकीचा आहे. मी त्यांना प्रेमाने समजावलं की कलाकाराची कल्पना असते. ते म्हणाले, "असेल, पण त्याचे पाय मोज." मी मोजले. तीन निघाले.

हा मोर घडवणारा माणूस म्हणजे बॉस. हैतीत गवंडी, सुतार, शिंपी, कुठल्याही कारागिराला बॉस म्हणायची पद्धत आहे. त्यामुळे मी पगार मार्गारेटकडून घेते आणि बॉस त्याला म्हणते. त्याचं खरं नाव इथे लिहीत नाही, का ते पुढे कळेल. त्याला फक्त क्रेओल भाषा येते. आमच्या दोघांच्या मधे असते मिर्लांद, तिकडे माल गोळा करून पाठवणारी तरुण मुलगी, इंग्रजीत पटाईत. मी तिच्यामार्फत मोराच्या तिसऱ्या पायाचा जाब विचारला. बॉसचं उत्तर आलं, "आमच्याकडे वादळं फार. दोन पायांवर टिकला नसता." मी ते उत्तर त्या गृहस्थांना जसंच्या तसं कळवलं. त्यांनी मोर ठेवून घेतला आणि वर एक घुबड नेलं.

मग कोविड आला. मेलबर्न बंद, दुकानं बंद, ऑर्डरी रद्द. गोडाउन सोडायची वेळ आली तेव्हा मार्गारेट पार्किंगमध्ये मास्कच्या आत रडली. सगळा माल मी आमच्या घरच्या गॅरेजमध्ये आणला. माझा नवरा मिलिंद पॅनल बीटर आहे, म्हणजे आपल्याकडचा डेंटर, ठोकलेल्या गाड्यांचे पत्रे सरळ करणारा. त्याची ड्राइव्हवेत हकालपट्टी झालेली गाडी थंडीत कुडकुडत उभी राहिली आणि तोही थोडा कुडकुडला. तरी दोन मोठे तुकडे, एक सूर्य आणि एक सरडा, आत मावेचनात. ते मी पुढच्या फेन्सवर टांगले, निव्वळ जागा नव्हती म्हणून.

तेव्हा घराबाहेर पडायला दिवसाला एक तास मिळायचा आणि तोही पाच किलोमीटरच्या आत. त्यामुळे अख्खं क्रेगीबर्न आमच्या फेन्ससमोरून चालत होतं. सकाळचं ऊन त्या पत्र्याच्या सूर्यावर पडलं की लोक थबकायचे. पलीकडच्या गल्लीतले पंजाबी अंकल लांबूनच ओरडले, "भाभीजी, ये कहाँ से लिया?" कुत्रा फिरवणारा डॅरन म्हणाला, "हाऊ मच फॉर द लिझर्ड, मेट?" माझी मुलगी अन्वी तेव्हा ऑनलाइन युनिव्हर्सिटीला वैतागली होती. तिने फेसबुकवर पेज काढलं. बघता बघता आमच्या भागातल्या एकसारख्या करड्या फेन्सवर सरडे चढले, पोपट बसले. लोकांनी त्या काळात घरोघरी पाव भाजले, आम्ही फेन्सा सजवल्या. बॉसकडे कधी नव्हतं इतकं काम गेलं.

तो रोज मिर्लांदच्या फोनवरून व्हॉइस मेसेज पाठवायचा. शब्द मला कळायचे नाहीत, पण मागून सगळ्या गावाच्या हातोड्या ऐकू यायच्या. त्या ऐकल्या की माझं निम्मं काम झालेलं असायचं. पुढच्या वर्षी एका आठवड्यात ते मेसेज बंद झाले.

मिर्लांदचा फोन आला तेव्हा ती हळू बोलत होती. गावाच्या वाटा हत्यारबंद टोळ्यांनी ताब्यात घेतल्या होत्या. ज्याच्याकडे काम आहे, त्याच्याकडे डॉलर असणार, असा त्यांचा सरळ हिशेब. शेजारच्या कारागिराला उचलून नेलं होतं. तो परत आला, पण हातोडी विकून टाकली आणि कुणाशी बोलेना. बॉसने घराला कुलूप घातलं, छिन्न्या भाताच्या पातेल्यात तळाशी लपवल्या आणि ते पातेलं नि बायकोमुलं घेऊन डोंगरापलीकडच्या गावात मेव्हणीकडे गेला.

मी म्हटलं, "सुटला बिचारा. आता तिथे सुरू करू दे."

"सुजाता, तिथे तो सुरूच करू शकत नाही," मिर्लांद म्हणाली. "आवाज होतो."

मला आधी कळलंच नाही. मग तिने समजावून सांगितलं. जुन्या गावात सगळेच ठोकायचे, त्यामुळे कोण किती ठोकतो हे कुणाला कळायचं नाही. नव्या गावात एकच हातोडी. पहिला घाव घातला की सगळ्यांना कळणार, नवा माणूस आलाय आणि त्याच्याकडे काम आहे. आणि ती बातमी ज्यांच्या कानावर जायला नको, त्यांच्या कानावर आधी जाणार. मेव्हणीने हात जोडून सांगितलं होतं, राहा, जेवा, पण ठोकू नका. आणि न ठोकता बॉसला दुसरं काहीच येत नव्हतं. तो छिन्न्या विकून सीमेपलीकडे, शेजारच्या देशात ऊसतोडीला जायचं म्हणत होता. ऊसतोड म्हणजे काय असतं, हे मला कुणी सांगायला नको होतं. तिथे गेलेला हात पुन्हा छिन्नीवर येत नाही.

मार्गारेट म्हणाली, आपण वर्गणी काढू आणि पैसे पाठवू. बॉसने निरोप दिला, "हातोडीचा आवाज दोन गल्ल्या जातो. फुकटच्या पैशाचा डोंगर ओलांडतो." मी सुचवलं, पत्र्याखाली काहीतरी मऊ घेऊन बघ. त्याने मेव्हणीची गादी घेतली. आवाज खरंच कमी झाला, पण पत्र्यात मासा कापता कापता गादीतही मासा कापला गेला. मेव्हणी जे बोलली, त्याचं भाषांतर मिर्लांदने केलं नाही. मग चर्चमध्ये, भजनाच्या गजरात ठोकायचं ठरलं. पाद्री तयार झाला, पण भजन फक्त रविवारी आणि पहिला क्रूस त्याला फुकट हवा होता. आम्ही हसायचो, आणि फोन ठेवला की मी बॉसचे जुने मेसेज पुन्हा लावून ऐकायचे.

एका रविवारी सकाळी मी गॅरेजमध्ये मिर्लांदशी स्पीकरवर बोलत होते. मिलिंद पोह्यांची बशी घेऊन माल सरकवून बसायला जागा करत होता. सगळं ऐकून घेतल्यावर त्याने शांतपणे एक घास खाल्ला.

"एवढंच ना?" तो म्हणाला. "अगं, मी शॉपमध्ये दिवसभर पत्रा ठोकतो. आजपर्यंत रस्त्यावरच्या एका तरी माणसाने आत येऊन विचारलं का, की मेट, आज काय घडवतोयस? डेंटरच्या शेजारी बसव ना त्याला."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. इतकी वर्षं पत्रा ठोकणारा माणूस माझ्या घरात आहे आणि मी गाद्या सुचवत होते.

"भंगार टिपाडं आली तरी कुणाला काही वाटणार नाही," मिलिंदला आता चेव आला होता. "रंग जाळला, धूर झाला, तरी नाही. गॅरेजमध्ये धूर नसेल तर लोक काळजी करतात."

मी मिर्लांदला इंग्रजीत सांगितलं. ती आधी खो खो हसली. मग म्हणाली, "त्या गावाच्या बस स्टँडजवळ एक आहे."

तिकडे प्रवासी गाड्या रंगीबेरंगी असतात आणि दर चार दिवसांनी कशाला ना कशाला धडकतात. त्या गाड्यांचा हा डेंटर. त्याने बॉसला मागच्या बाजूला पत्र्याची शेड दिली. अट एकच, दारांचे पोचे काढायला हात लावायचा. पुढे तो डेंटर आणि मिलिंद एकमेकांना व्हिडिओ पाठवू लागले. एकाला क्रेओल येते, दुसऱ्याला मराठी, पण मडगार्ड कसं वळवायचं यावर त्यांचं कधी अडलं नाही. मिलिंद चारचौघांत सांगायचा, "आमची इंटरनॅशनल डेंटिंग असोसिएशन आहे." त्यात फक्त दोनच सभासद आहेत, हे तो सांगत नसे.

दोन आठवड्यांनी व्हॉइस मेसेज आला. मागे दोन हातोड्या वाजत होत्या, एक जड, एक हलकी. हलकी कुणाची ते मला लगेच कळलं. मी गॅरेजमध्ये खोक्यावर बसून मोठमोठ्याने रडले. अन्वी वरून धावत आली, "मम, व्हॉट हॅपन्ड?" मी म्हटलं, "काही नाही गं, बॉस ठोकतोय." ती म्हणाली, "ओके, वीअर्ड," आणि माझ्याजवळ बसली.

इथे गोष्ट संपली असती. पण आपण मराठी माणसं. आपल्याला कुणाचं चांगलं झालेलं कळलं की सत्कार करायची सुरसुरी येते.

आमच्या बौद्ध मंडळाचे अध्यक्ष वासनिकदादा. मंडळासाठी रात्रीचा दिवस करणारा माणूस. लॉकडाउनमध्ये एकट्या पडलेल्या विद्यार्थ्यांच्या दारात यांच्या घरचे डबे जायचे. मिलिंदने त्यांच्यापुढे असोसिएशनची बढाई मारली, त्यात बॉसचं नावगावही आलं आणि दादा पेटले. रविवारच्या ऑनलाइन वंदनेनंतर बॉसचा सत्कार, फेसबुक लाइव्ह, सिडनी आणि ब्रिस्बेनची मंडळं पाहुणी. मला त्यांनी आनंदाची बातमी म्हणून बॅनरच पाठवला. त्यावर अन्वीच्या पेजवरून घेतलेला बॉसचा हसरा फोटो, खाली नाव, नव्या गावाचं नाव आणि ठळक अक्षरांत, 'ऑस्ट्रेलियाच्या घराघरांत पोचलेला कलावंत'. टोळीला याहून नेमका पत्ता कुणी दिला नसता.

मी फोन लावला. "दादा, हे थांबवा. आत्ता."

"काऊन ताई? कष्टाच्या माणसाचा मान आपण नाही करायचा तर कुणी करायचा?"

"दादा, त्याचं नाव आणि गाव एकत्र दिसलं तर त्याला उचलून नेतील. तिथे एका डेंटरशिवाय कुणालाही माहीत नाही की माल कुठे जातो."

दादा खालच्या आवाजात म्हणाले, "ताई, मी तो ग्रुपवर टाकलाय."

"कोणत्या?"

"सगळ्याच."

ती दुपार मी विसरणार नाही. दादांनी आपल्या पोस्ट पुसल्या, पण बॅनर तोवर आमच्या पुढे निघून गेला होता. आम्ही दोघं फोनवर बसलो. सिडनीत पेंडल हिलच्या एका ताईंनी तो आपल्या भिशीच्या ग्रुपवर टाकला होता, "किती छान" असं लिहून. ब्रिस्बेनकडच्या स्प्रिंगफील्ड लेक्सच्या एका भाऊंनी तो आपल्या ऑफिसच्या ग्रुपवर टाकला होता. त्यांना कारण सांगितलं तर म्हणाले, "नो वरीज ताई, फेसबुकवरचा पण काढतो." फेसबुकचं मला तेव्हाच कळलं. अन्वीने पेजवरून बॉसचे सगळे फोटो उतरवले. मिर्लांदने बॉसला कळवलं आणि त्याने हातोडी खाली ठेवली. आठवडाभर तो फक्त गाड्यांची दारं सरळ करत होता आणि आम्ही फोन वाजला की दचकत होतो. दादा रोज एकच मेसेज करायचे, "काही कळलं?" त्या आठवड्यात त्यांचं वजन उतरलं, असं वहिनी म्हणाल्या.

काही झालं नाही. मराठीत लिहिलेला बॅनर हैतीत वाचणारं कुणी नव्हतं, किंवा आमचं नशीब. बॉस पुन्हा ठोकू लागला आणि त्याने विचारलं, हे सत्कार प्रकरण असतं तरी काय? मी मिर्लांदला सांगितलं, "माणसाला खुर्चीवर बसवतात, अंगावर शाल घालतात आणि त्याला न ओळखणारे लोक त्याच्याबद्दल तासभर बोलतात."

उत्तर आलं, "आमच्याकडेही असतं. पण त्यासाठी माणसाला आधी मरावं लागतं. मी अजून कामात आहे, त्यांना म्हणावं ऑर्डर द्या."

मी हे दादांना ऐकवलं. ते इतके हसले की त्यांना खोकला आला आणि त्या दिवसांत खोकला आला की सगळेच घाबरायचे. मग त्यांनी ऑर्डर दिली. मोठा बोधिवृक्ष. पिंपळाच्या पानाचा फोटो पाठवला आणि बजावलं, गंभीर झाड हवं, पक्षीबिक्षी नकोत. त्यांचं बघून मंडळातल्या बहुतेक घरांनी काही ना काही मागवलं.

कार्टन यायला फार वेळ लागला. डोंगरातून ते कांद्याच्या पोत्यांखाली लपून निघालं होतं आणि मेलबर्नला बाहेरून आलेला माल तपासणाऱ्या क्वारंटाइन खात्याच्या बाईंना आत कांद्याची सालं सापडली. या देशात माणूस एक वेळ शिंकून आत येईल, कांद्याचं साल येऊ शकत नाही. सगळा माल साफ करून हातात पडेपर्यंत लॉकडाउन उठलं होतं. गॅरेजमध्ये कार्टन उघडलं तेव्हा मिलिंद होता, अन्वी होती आणि दादा मास्क लावून उभे होते.

बोधिवृक्ष आधी निघाला. पानन् पान टोकदार, शिरांसकट. आणि फांद्याफांद्यांवर पक्षी. मिर्लांदने बॉसचा निरोप पाठवला होता, बिनपक्ष्याचं झाड वठलेलं असतं, असं झाड कुणाच्या घरी पाठवायला हात धजला नाही. दादा पक्ष्यांवरून बोटं फिरवत राहिले. म्हणाले, "असू दे. बरोबर आहे त्याचं."

मग ते खालच्या कोपऱ्याकडे वाकले. "ताई, नाव कुठाय?"

हैतीचे कारागीर प्रत्येक तुकड्याच्या खालच्या कोपऱ्यात छिन्नीने आपलं नाव घालतात. कडा तपासताना माझं बोट तिथे थांबायचं. या वेळी एकाही तुकड्यावर नाव नव्हतं. कोपरे कोरे. मी दादांना ते सांगितलं आणि का ते सांगायची गरज पडली नाही. ते मान खाली घालून उभे राहिले. मलाही फार वाईट वाटलं. आम्ही त्याचं काम वाचवलं, पण त्याचं नाव मात्र काढून घेतलं, असं मनात आलं.

हुक लावायला मिलिंदने झाड उलटं केलं. "सुजाता, हे बघ."

मागच्या बाजूला, जी फेन्सला लागते आणि कुणालाच कधी दिसत नाही, तिथे बारीक बारीक ठिपक्यांनी ठोकलेलं बॉसचं पूर्ण नाव होतं. आम्ही दुसरा तुकडा उलटला. तिसरा. सगळ्यांवर होतं.

दादा बाहेर गेले आणि गाडीतून एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आले. सत्कारासाठी त्यांनी आधीच शाल आणून ठेवली होती, ती पोस्टाने जायची राहिली होती. त्यांनी झाड टेबलावर पालथं ठेवलं, शाल उलगडली आणि नावावर नीट पांघरली. आम्ही चौघांनी टाळ्या वाजवल्या. अन्वीचा फोन सवयीने वर आला होता. तिने आमच्याकडे बघितलं आणि तो खिशात ठेवला. आमच्या मंडळाच्या इतिहासात ज्याचा फोटो नाही, असा तो एकच सत्कार.